उपचार संपले, फाइल जपा: तरुणपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी पुढील आयुष्यातील आरोग्य-जोखमींचे मार्गदर्शन

माझ्या दवाखान्यात वर्षातून दोन-तीनदा तरी असे घडते. तिशी-पस्तिशीतला माणूस खोकल्यासाठी किंवा पाठदुखीसाठी येतो, पूर्वी काही मोठा आजार झाला होता का असे विचारल्यावर ‘तसे काही नाही’ म्हणतो, आणि छाती तपासताना गळपट्टीच्या हाडाखाली केमोच्या पोर्टचा (शिरेत औषध सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीचा) इंचभर व्रण दिसतो, छातीच्या मधोमध मोहरीएवढा निळा ठिपका दिसतो. रेडिएशनच्या यंत्राचा रोख रोज नेमका त्याच जागी लागावा म्हणून तो ठिपका गोंदलेला असतो. मग उत्तर येते, ‘ते होय डॉक्टर, ते बरे होऊन दहा वर्षे झाली.’

त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण रोग खरोखरच गेलेला असतो. मात्र रोग घालवण्यासाठी वापरलेली औषधे आणि किरणे हृदय, फुप्फुसे, अंडाशय, हाडे, नसा यांच्यावर आपली खूण ठेवून जातात आणि त्या खुणेचा त्रास कित्येकदा दहा, पंधरा, वीस वर्षांनी सुरू होतो. वयाच्या १५ ते ३९ या टप्प्यात ज्यांना कर्करोग झाला त्यांना वैद्यकात ‘तरुण प्रौढ’ गटात धरतात. या गटाची अडचण अशी, की बालरुग्णांसाठी काही मोठ्या केंद्रांत उपचारानंतरची खास सोय उभी राहिली आहे (परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून ‘ॲक्ट क्लिनिक’ चालते), पण सव्विसाव्या वर्षी प्रौढांच्या वॉर्डात उपचार घेतलेल्या माणसाचा पाच वर्षांचा फॉलोअप संपला, की पुढे त्याला बोलावणारे बहुधा कोणी उरत नाही. ती जबाबदारी त्याने स्वतः आणि त्याच्या फॅमिली डॉक्टरने मिळून उचलावी लागते. ती कशी उचलावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. अजून उपचार चालू असलेल्यांसाठी किंवा रोग परत आला की काय या शंकेसाठी हा लेख नाही. त्या बाबतीत तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

पहिली पायरी: जुने कागद गोळा करणे

पुढची सगळी आखणी एका प्रश्नावर उभी आहे: तुम्हाला कोणते औषध एकूण किती मिळाले आणि किरणे शरीराच्या कोणत्या भागावर किती दिली? कर्करोगाचे नाव एकच असलेल्या दोन माणसांची जोखीम अगदी वेगळी असू शकते, आणि नावे वेगळी असलेल्या दोघांची सारखी. हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) झालेली मुलगी आणि स्तनाचा कर्करोग झालेली तिची मावशी या दोघींना डॉक्सोरुबिसिन मिळाले असेल, तर हृदयाच्या बाबतीत दोघींना एकच सूचना लागू होते. म्हणून ‘मला लिम्फोमा झाला होता’ एवढे सांगून भागत नाही.

डिस्चार्ज कार्डे, केमोचे तक्ते, रेडिएशनचा समारोप-अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे, बायॉप्सीचा अहवाल आणि शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) हे कागद शोधा. घरात नसतील तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात आपला केस नंबर घालून लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पण त्याच नियमांत नोंदी सांभाळण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच आहे. मोठी रुग्णालये त्याहून पुष्कळ जास्त काळ कागद ठेवतात, छोट्या नर्सिंग होमचा भरवसा धरू नये. उपचार नुकतेच संपले असतील तर हे काम याच महिन्यात करा. ईसीजीची गुळगुळीत पट्टी आणि काही प्रयोगशाळांच्या छापील पावत्या उष्णतेवर उमटवलेल्या असतात. चार-पाच उन्हाळ्यांत त्या कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घेऊन ते स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

आता या सगळ्या भाऱ्यातून एक पान तयार करायचे. ते कसे होते, हे एका उदाहरणावरून पाहू. बावीस वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला हॉजकिन लिम्फोमा झाला आणि ‘एबीव्हीडी’ या चार औषधांच्या (डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन, डकार्बझिन) सहा सायकली मिळाल्या. कार्डावर दर खेपेला ‘डॉक्सोरुबिसिन ४० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले आहे. हेच ते लाल औषध, ज्यानंतर लघवीही लालसर होते आणि जे बहुतेक रुग्णांच्या लक्षात राहते. एका सायकलीत दोन खेपा, म्हणजे सहा सायकलींत बारा खेपा, म्हणजे एकूण ४८० मिलिग्रॅम. परंतु जोखीम ठरते ती शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किती औषध गेले यावर. उपचाराच्या वेळची सेंटिमीटरमधली उंची आणि किलोतले वजन यांचा गुणाकार करून त्याला ३६०० ने भागावे आणि येईल त्याचे वर्गमूळ काढावे. या मुलाची उंची १६८ आणि वजन ५५ होते; उत्तर येते साधारण १.६ चौरस मीटर. ४८० ला १.६ ने भागले की ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. हा आकडा त्याच्या पानावर ठळक अक्षरात यायला हवा. याच गटातली डॉनोरुबिसिन, एपिरुबिसिन यांसारखी औषधे मिळाली असतील तर त्यांचे डॉक्सोरुबिसिनशी प्रमाण वेगवेगळे असते. तो हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या.

पानावर बाकीचेही थोडक्यात हवे: निदानाची तारीख आणि तेव्हाचे वय, रोगाचे पूर्ण नाव व टप्पा, इतर औषधे व त्यांची एकूण मात्रा, किरणांचा भाग आणि ग्रे या एककातली मात्रा (आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी ‘गळा व छातीचा मधला भाग, ३० ग्रे, १५ बैठका’), शस्त्रक्रियेत काय काढले, प्लीहा आहे की नाही, स्टिरॉइड किती महिने चालले, बोनमॅरो प्रत्यारोपण झाले का, रक्त चढवले का आणि कोणत्या वर्षी. रक्ताचे वर्ष विचारण्याचे कारण असे, की आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी ची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढले असेल तर ती तपासणी एकदा करून घेणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी: पान वाचणे

हे काम डॉक्टरांच्या समोर बसून करायचे आहे. पण कुठे काय पाहायचे याची कल्पना तुम्हाला असली, तर पाच मिनिटांच्या भेटीतही नेमके विचारता येते.

सर्वांत आधी हृदय, कारण तिथे उशीर महागात पडतो आणि वेळेवर कळले तर करण्यासारखे बरेच असते. डॉक्सोरुबिसिनच्या कुळातली औषधे, ज्यांना अँथ्रासायक्लिन म्हणतात, हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मारतात. आणि या पेशी यकृताच्या पेशींसारख्या पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या पेशी जास्तीचे काम ओढत राहतात. तरुण शरीर ते वर्षानुवर्षे निभावते, त्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही. मग रक्तदाब वाढतो, वजन वाढते, एखादीला दिवस जातात, आणि राखीव शक्ती संपल्यावर जिना चढताना धाप लागू लागते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅम किंवा अधिक औषध मिळालेले, अथवा छातीवर ३० ग्रे किंवा अधिक किरणे घेतलेले लोक अधिक जोखमीच्या गटात येतात. दोन्ही मिळाले असेल तर त्याहून कमी मात्रेलाही हा गट लागू होतो. त्यांनी साधारण दर दोन वर्षांनी टूडी इको करावा. १०० ते २५० च्या दरम्यान मात्रा असेल तर दर पाच वर्षांनी. आपल्या उदाहरणातला मुलगा दोन्ही बाजूंनी अधिक जोखमीच्या गटात आहे, हे त्या एका पानावरून लगेच कळते. स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांनी उपचार चालू असतानाच इको केलेले असतात. तेही फाइलला जोडा, कारण हृदयाची पंपिंग क्षमता ५५ टक्के आहे हे कळण्यापेक्षा ती ६५ वरून ५५ वर आली हे कळणे जास्त मोलाचे असते.

छातीवर घेतलेली किरणे स्नायूंखेरीज हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि झडपा यांनाही बाधतात. १९६० ते १९८० च्या दशकांत हॉजकिनच्या रुग्णांना गळ्यापासून छातीपर्यंत मोठ्या पट्ट्यावर ४० ग्रेच्या आसपास किरणे देत असत. ते रुग्ण रोगातून वाचले आणि पुढे ऐन चाळिशीत हृदयविकार घेऊन आले, तेव्हा वैद्यकाला हा धडा मिळाला. आज मात्रा आणि भाग दोन्ही कमी झाले आहेत, जोखीमही उतरली आहे, पण पुरती गेलेली नाही. म्हणून पस्तिशीच्या माणसाला चालताना छातीत आवळल्यासारखे होत असेल किंवा जबडा भरून येत असेल, तर ‘या वयात कसला हार्ट ॲटॅक, ॲसिडिटी असेल’ हे वाक्य त्याच्या बाबतीत कोणीही उच्चारू नये, आम्ही डॉक्टरांनी तर मुळीच नाही. यात तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रक्तदाब. साखर आणि कोलेस्टेरॉल महत्त्वाचे आहेतच, पण अँथ्रासायक्लिन घेतलेल्या हृदयाला वाढलेला रक्तदाब जितका लवकर थकवतो तितके दुसरे काही थकवत नाही. तो मोजायला पाच मिनिटे लागतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसेही पडत नाहीत.

दुसरा विषय नव्याने होणाऱ्या कर्करोगाचा. पहिला रोग उलटण्याहून हे वेगळे आहे, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. किरणे जिथे गेली तिथे दहा-वीस वर्षांनी नवी गाठ होऊ शकते. दहा ते तीस या वयात छातीवर किरणे घेतलेल्या स्त्रियांनी उपचारानंतर आठ वर्षांनी, मात्र वयाच्या पंचविशीच्या आधी नाही, दर वर्षी स्तनांची मॅमोग्राफी आणि एमआरआय सुरू करावे. म्हणजे एकविसाव्या वर्षी किरणे घेतलेल्या मुलीने एकोणतिसाव्या वर्षी. सर्वसामान्य स्त्रीला मॅमोग्राफी चाळिशीच्या आसपास सुचवतात, त्यामुळे सेंटरवर ‘इतक्या लवकर कशाला?’ असे विचारले जाते. तिथे आपले पान पुढे करावे. पोटावर किंवा ओटीपोटावर किरणे घेतली असतील तर तिसाव्या वर्षापासून किंवा उपचारानंतर पाच वर्षांनी, यातले जे नंतर येईल तेव्हापासून, दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी सुचवतात. गळ्यावर किरणे असतील तर थायरॉइडची गाठ हाताने तपासून घ्यायची. किरणांच्या पट्ट्यातली त्वचा वर्षातून एकदा नीट उजेडात पाहून घ्यायची, पाठीकडची घरच्या माणसाला दाखवून. काही औषधांनंतर रक्ताचा कर्करोग होण्याची थोडी शक्यता असते: एटोपोसाइडसारख्या औषधांनंतर ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसते, सायक्लोफॉस्फमाइडच्या गटानंतर साधारण पाच ते दहा वर्षांत, आणि त्यानंतर ती पुष्कळ ओसरते.

तरुण वयातला प्रत्येक कर्करोग नशिबाच्या खात्यावर टाकू नये. तिशीत स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घेतले आहे का, हे पाहा. बीआरसीए जनुकातला दोष किंवा लिंच सिंड्रोम (मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती) आढळला तर पुढच्या तपासण्या बदलतात, आणि बहीण-भावांनाही वेळीच सावध करता येते.

अंतःस्रावी ग्रंथींचा भाग त्यामानाने सोपा आहे. गळ्यावर किरणे घेतलेल्या बऱ्याच जणांचे थायरॉइड पुढे मंदावते; वर्षातून एकदा टीएसएच ही रक्ततपासणी करावी, थायरॉइड कमी पडत असेल तर गोळी सुरू होते आणि प्रश्न मिटतो. अलीकडे इम्युनोथेरपी घेतलेल्यांतही थायरॉइड, आणि क्वचित मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी, मंदावतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी झाले असेल तर थकवा, चिडचिड, इच्छा कमी होणे अशी लक्षणे दिसतात. ती तपासणी सकाळी करायची असते. एका वृषणाचा कर्करोग झालेल्याने दुसरे वृषण महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी चाचपून पाहावे.

मूल होण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण दवाखान्यात हा प्रश्न बहुधा सासूबाई बाहेर गेल्यावर, दार लोटून, हळू आवाजात विचारला जातो. सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बझिन यांसारखी औषधे आणि ओटीपोटावरची किरणे अंडाशयातला बीजांचा साठा कमी करतात. पाळी परत सुरू झाली म्हणजे सगळे पूर्ववत झाले असे नसते. साठा कमी असेल तर पाळी पस्तिशीतच थांबू शकते. त्यामुळे मूल हवे असेल तर ‘आधी करिअर, मग बघू’ हा निर्णय एएमएचची (बीजांचा साठा दाखवणारी) तपासणी पाहून आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर संप्रेरकांची गोळी घ्यायची की नाही हे रोगाच्या प्रकारावर ठरते, पण प्रश्न तसाच सोडू नये, कारण हाडे आणि हृदय दोन्ही त्यावर अवलंबून असतात. पूर्वी घेतलेल्या केमोमुळे बाळ व्यंग घेऊन जन्मते, ही भीती मोठ्या पाहण्यांत खरी ठरलेली नाही. काळजी घ्यायची ती आईच्या हृदयाची: लाल औषध घेतलेल्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वी किंवा राहिल्यावर लगेच इको करावा, आणि प्रसूती जिथे हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध आहेत अशा ठिकाणी ठरवावी. ओटीपोटावर किरणे घेतली असतील तर गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांची शक्यता वाढते, हेही आधीच सांगून ठेवावे. पुरुषांनी उपचारापूर्वी वीर्य साठवले असेल तर बँकेचे वार्षिक शुल्क थकलेले नाही ना, हे बघा. क्षुल्लक वाटते, पण राहून जाते.

बाकीच्या अवयवांचे थोडक्यात सांगतो. ल्युकेमियासाठी महिनोन्महिने स्टिरॉइड घेतलेल्या तरुणाच्या जांघेत किंवा गुडघ्यात दुखणे टिकून राहिले तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हे एमआरआयवर पाहावे. साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही. हाडांची घनता डेक्सा चाचणीने एकदा मोजून ठेवावी. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांचे कान उंच स्वरांना आधी हुकतात: समोरच्याचे स, श, फ ऐकू येत नाहीत आणि माणसाला वाटते की लोकच पुटपुटतात. त्यांनी श्रवणचाचणी करावी, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व मॅग्नेशियमही पाहावे. व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन यांनी पावलांना बधिरपणा आला असेल तर शेतात, अंगणात अनवाणी फिरणे बंद; काटा रुतलेला कळत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तिशीतल्या मुलांचे जबड्याचे आणि जिभेचे कर्करोग काही थांबलेले नाहीत. अशा रुग्णांना तोंड-गळ्यावर किरणे मिळालेली असतात. लाळ आटल्यामुळे दात झपाट्याने किडतात, आणि किडलेला दात परस्पर उपटला तर जबड्याचे हाड भरून येत नाही, उलट मरू लागते. म्हणून दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला किरणांचा अहवाल दाखवणे आणि त्याने रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी, फ्लोराइडचा वापर आणि तोंड उघडण्याचे व्यायाम हे अशा माणसाने आयुष्यभराचे काम समजावे.

तिसरी पायरी: वर्षाचे वेळापत्रक

या तपासण्या एका तारखेला बांधा. वाढदिवस, दसरा, काहीही चालेल. माझ्या एका रुग्णाने पोर्ट काढल्याची तारीख धरली आहे. त्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे रक्तदाब, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्राम आणि लागू असेल तर टीएसएच. यातले सगळे तालुक्याच्या गावी होते. इको, मॅमोग्राफी, डेक्सा ज्या वर्षी लागू असेल त्या वर्षी, पानावर लिहून ठेवल्याप्रमाणे. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या दीर्घकालीन पाठपुराव्याच्या सूचना इंटरनेटवर मोफत मिळतात; त्या औषधवार मांडलेल्या असल्यामुळे तुमच्या डॉक्टरांना पान समोर ठेवून त्या चटकन पडताळता येतात. त्या मुख्यतः लहान व किशोरवयीन रुग्णांवरून बेतलेल्या आहेत, म्हणून पस्तिशीत उपचार झालेल्यांनी त्या जशाच्या तशा न लावता डॉक्टरांच्या विवेकाने लावाव्यात.

आणि इथे एक स्पष्ट मत. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत मिळणारी ट्यूमर मार्करची (कर्करोगाची खूण शोधणाऱ्या रक्ततपासण्यांची) रांग या कामाची नाही. जोखमीशी संबंध नसलेली तपासणी किंचित वाढलेली आली की महिनाभर झोप उडते, पुढे सीटी स्कॅन होतो, आणि शेवटी काही निघत नाही. काहीही लक्षण नसताना दर वर्षी पेट स्कॅन करून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. पैसे आणि किरणे दोन्ही वाया जातात. तेच पैसे इकोला घाला.

मुंबई-पुण्याला फॉलोअपसाठी जायचे असेल तर कर्करोग रुग्णांसाठी रेल्वेची भाडेसवलत ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीच्या प्रवासालाही मिळते. रुग्णालयाकडून विहित नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

चौथी पायरी: प्रत्येक नव्या डॉक्टरला पान दाखवणे

ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसांवर वर्षांनंतरही परिणाम शिल्लक असू शकतो, आणि भूल देताना जास्त प्रमाणात दिलेला ऑक्सिजन त्यांना इजा करू शकतो. हर्नियासारख्या साध्या शस्त्रक्रियेच्या वेळीही भूलतज्ज्ञाला ‘ब्लिओमायसिन’ हा शब्द उच्चारून सांगा. ‘केमो झाली होती’ पुरेसे नाही. याच कारणाने तारकर्लीला मित्रांबरोबर स्कूबा डायव्हिंगचा बेत ठरला, तर आधी छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तिथला फॉर्म भरताना ‘कोणताही आजार नाही’ यावर टिक करून मोकळे होणारे तरुण मी पाहिले आहेत. क्रिकेटपटू युवराज सिंग २०१२ साली तिशीत असताना छातीतल्या ट्यूमरवर केमोथेरपी घेऊन त्याच वर्षी भारतासाठी पुन्हा मैदानात उतरला. खेळायला, धावायला मनाई नसते, पण शरीरात काय गेले आहे हे जाणून खेळावे.

सिस्प्लॅटिन घेतलेल्यांनी औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनचे इंजेक्शन लिहून दिले जात असेल तर कान व मूत्रपिंडांची गोष्ट आधी काढावी. प्लीहा काढलेली असेल तर ते पाकिटातल्या कार्डावर लिहून ठेवा.

पाचवी पायरी: रोजचे जगणे

तंबाखू पूर्ण बंद, आणि त्यात मशेरीही आली. मशेरी हे व्यसन नव्हे तर दात घासणे आहे, असे मानणाऱ्या घरांत हे दोनदा सांगावे लागते. आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा सायकल. हृदयाला बाधणाऱ्या औषधांची किंवा किरणांची मात्रा अधिक असलेल्यांनी खूप जड वजने उचलण्यापूर्वी इको दाखवून विचारावे. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकॉकल आणि हिपॅटायटिस बीची सल्ल्याने. सव्विसाव्या वर्षापर्यंतच्या मुलामुलींनी एचपीव्हीची लस घ्यावी आणि पूर्वी कर्करोगाचे उपचार झालेल्यांनी तिचे तिन्ही डोस घ्यावेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस आल्यापासून ती तुलनेने स्वस्त झाली आहे. बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्यांना लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

थकवा हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि सर्वांत कमी ऐकला जाणारा त्रास आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनाची स्थिती आधी पाहावी. तिथे काही सापडले नाही तर विश्रांतीने तो वाढतो आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने कमी होतो. तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येणे, जेवण न जाणे, हे पाच-सात वर्षांनीही होते. ते अनैसर्गिक नाही, पण कामावर जाणे अवघड होऊ लागले तर मदत घ्या. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

लग्न ठरवताना सांगायचे की नाही, हा प्रश्न आई-वडीलच जास्त विचारतात. माझे मत सांगावे असेच आहे. पहिल्या भेटीत नव्हे, पण साखरपुड्याआधी, आणि शक्य तर मुलाने किंवा मुलीने स्वतः, तेच पान हातात ठेवून. दडवलेली गोष्ट पहिल्या बाळंतपणात, इको करायची वेळ आल्यावर उघडी पडते, आणि त्या भीतीने इकोच टाळला जातो.

आरोग्य विम्याच्या अर्जातही दडवू नका. १ एप्रिल २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. नोकरीतली गटविमा योजना बहुधा पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून धरते. नोकरी सोडण्याआधी वैयक्तिक पॉलिसीची सोय पाहावी.

कधी थांबायचे नाही

वार्षिक तारखेची वाट पाहू नये अशी काही लक्षणे आहेत: आडवे झाल्यावर लागणारी धाप आणि पायांवरची सूज, श्रमाने छातीत किंवा जबड्यात येणारी कळ, किरणांच्या पट्ट्यात हाताला लागलेली नवी गाठ, आपोआप उठणारे काळे-निळे डाग, शौचातून रक्त, वजन उगाच घटणे. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी गोळी) घेणारीला अवेळी रक्तस्राव झाला किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. प्लीहा नसलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्या जंतुसंसर्गात काही तासांचाच अवधी असतो.

पानाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर असू द्या, आणि रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे ते त्याला सांगून ठेवा. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी, तो आता सदतीस वर्षांचा झाला असे धरून, ते वाक्य असे असेल: ‘याला बाविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा झाला होता, डॉक्सोरुबिसिन तीनशे आणि छातीवर तीस ग्रे रेडिएशन झाले आहे, ब्लिओमायसिनही मिळाले आहे; वय बघू नका, आधी ईसीजी काढा.’